बहिऱ्या कानाची बाजू

४ मार्च २०१२

…आधी राख काढली. खोली तापवायची चूल पहाटे विझली होती, तिच्यात दोन ओंडके सारले आणि फुंकत बसले. मग म्हाताऱ्याचं भांडं रिकामं केलं, राखेनं घासलं, दाराशी उपडं ठेवलं. पेज चढवली. ती शिजेपर्यंत त्याची चादर ओढून काढली, तीही ओलीच होती, बाहेर बर्फावर पसरली. कोंबड्यांना दाणे टाकले. पाठीतून कळ निघत होती. तशीच आत आले आणि कोमट पाण्याचं घमेलं घेऊन त्याचं तोंड पुसायला डाव्या अंगाला बसले.

मागल्या वर्षीच्या जानेवारीतली ती सकाळ मला पुन्हापुन्हा आठवते. का, ते कळत नाही. तिच्यात विशेष काही नव्हतं. अर्धांगवायूनं माझा नवरा, आमचा म्हातारा, दोन वर्षं पडून होता, तसल्या सातशे सकाळी मी काढल्या. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. डावा हात तेवढा चालायचा. डावा हात चांगला आणि डावा कान बहिरा, असा आमचा म्हातारा.

कान खाणीत गेला. १९६१ साली सुरुंग वेळेआधी उडाला, एक माणूस जागीच मेला, ह्याचा कान गेला. तेव्हापासून सगळ्या गावाला ठाऊक होतं की ह्वांग मान्ग्यूशी बोलायचं तर उजवीकडून. मीही कामाचं सांगायची ते उजवीकडून. अहो, भात वाढलाय. अहो, सासूबाई बोलावतायत. डावीकडून मी दुसरंच बोलायची. डावीकडून मी त्याला अरेतुरे करायची. त्या घरात सुनेला रडायला कोपरा नव्हता. ओढ्यावर जावा, परसात सासू, शेतात सासरा. मला एक बहिरा कान मिळाला होता. मिरच्या खुडताना, दोऱ्या वळताना, जेवताना त्याच्या डाव्या अंगाला बसून मी पुटपुटत राहायची. पन्नास वर्षं. तो बैलासारखा समोर बघत काम करत राहायचा.

त्या सकाळीही पुटपुटले. काय ते लिहिते, वही माझीच आहे. म्हटलं, "किती दिवस असा पडून राहणार आहेस रे? माझी पाठ मोडली. जा आता एकदाचा, म्हणजे मीही सुटेन." त्यानं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. मला वाटलं भांडं हवंय. लावलं, तर नको होतं. मनगट सोडवून घेतलं आणि पेज आणायला गेले.

त्या सकाळपासून त्यानं तोंड उघडलं नाही. चमचा लावला की ओठ मिटून घ्यायचा. डॉक्टर म्हणाले, आजी, अशा माणसांचं शरीर शेवटी आपणहून बंद होतं, तुम्ही कुठे कमी पडला नाहीत. नवव्या दिवशी गेला.

ही वही सोसायटीच्या दुकानातून मिळाली, वर्षअखेरीला सगळ्यांना देतात. इतकी कोरी पानं पाहून लिहावंसं वाटलं. मला कोणी शिकवलं नाही. खताच्या पोत्यांवरून आणि मासळीच्या कागदांवरून मी अक्षरं जोडत गेले. तिशीत असताना एकदा डावीकडे बसून म्हटलं होतं, बाजारातल्या पाट्या सगळ्या जगाशी बोलतात, माझ्याशीच बोलत नाहीत. योगायोग असा, की म्हातारा तोवर मासळी गवताच्या दोरीत ओवून आणायचा, त्या हिवाळ्यापासून ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली येऊ लागली. बाजारातली कोळीण बदलली असावी. ते कागद मी वाळवून जपायची आणि चुलीपुढे बसून वाचायची. तिचं भलं होवो.

११ मार्च

माझा जोंगहून देगू शहरातून आला होता. मोठा मुलगा, पण माझ्याशी बोलताना अजून नखं खातो. मागल्या पावसाळ्यात टेकडीची कड खचली आणि बापाच्या कबरीच्या पायथ्याशी हातभर भेग पडली. आणखी एक पावसाळा ती टिकणार नाही. कबर पन्नास पावलं वर हलवायची असं घराण्यात ठरलं आहे. यंदा अधिक महिना एकवीस एप्रिलला लागतो. त्या महिन्यात देवादिकांचं माणसांकडे लक्ष नसतं, माती उघडली तरी कोणी रागावत नाही.

मग नखं खात म्हणाला की नव्या जागी शेजारीच माझीही जागा बांधून ठेवायची आहे. रिकामी. म्हणजे पुढं पुन्हा सगळं खणायला नको.

मी म्हटलं, चांगलं आहे, जिवंतपणी घर बांधून कोणाला मिळतं? तो हसला नाही. कुठल्या बाजूला, असं मी विचारलं. म्हणाला, "पूर्वेला, आई. बायका पूर्वेलाच असतात ना."

तो गेल्यावर ताटं घासताना मी हिशेब केला. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला, निजायचं उताणं. पूर्व म्हणजे त्याचा डावा हात. म्हणजे बहिरा कान.

जिवंतपणी बाईनं नवऱ्याच्या उजवीकडे निजायचं आणि मेल्यावर डावीकडे, अशी आमच्याकडची रीत आहे. मला ती ठाऊक होती, पण आपल्याला लागू होईल असं मनात आलं नव्हतं. पन्नास वर्षं मी भिंतीशी बोलले. आता मातीत गेल्यावरही भिंतीशीच? तिथे सासू नसेल, शेत नसेल, घाई नसेल. तिथे तरी मला उत्तर हवं आहे. मी पश्चिमेला निजणार.

२४ मार्च

थोरल्या भावजींकडे गेले होते. म्हाताऱ्याचे चुलत भाऊ, वय चौऱ्याऐंशी, घराण्यातला शेवटचा शब्द त्यांचा. जोंगहून सोबत होता. शेजारची उल्जिनवाली मुळ्यांची टोपली घेऊन सहज आल्यासारखी आली आणि दाराशी बसून राहिली. पंचेचाळीस वर्षं माझ्या प्रत्येक भांडणाला ती हजर असते.

मी माझं म्हणणं सांगितलं. भावजींनी तांदळाच्या दारूचा घोट घेतला आणि बराच वेळ मिशी पुसली. मग मला माहेरच्या गावानं हाक मारत म्हणाले, "छंगसोंगवाली, मेल्यावर कान लागतो कशाला?"

मी म्हटलं, "भावजी, मग दिशा तरी लागते कशाला?"

उल्जिनवालीनं तोंडाला बाही लावली. भावजींचं डोकं तापलं. म्हणाले, सतरा पिढ्या ह्या टेकडीवर निजल्या आहेत आणि एकही बाई कधी बाजू निवडायला आली नाही. मी म्हटलं, त्यांना कोणी विचारलं नसेल. तर म्हणाले, तुलाही कोणी विचारलेलं नाही.

जोंगहून खाली बघत होता. परतताना गाडीत म्हणाला, "आई, लोक हसतील." मी म्हटलं, हसू दे, मी तेव्हा तिथे खाली असेन. मग तो बापासारखाच गप्प बसला. बापाला निदान अर्ध्या बाजूचं ऐकू येत नव्हतं.

आज फार राग आला आहे. राग भावजींचा नाही. म्हाताऱ्यानं आयुष्यात एकदा, फक्त एकदा, माझ्याकडे वळून "काय म्हणतेस?" असं विचारलं असतं, तर आज मला ह्या म्हाताऱ्यांच्या दारात कानासाठी भांडावं लागलं नसतं.

५ एप्रिल

आज कबरी साफ करायचा दिवस. सगळे डोंगरावर. मी गवत उपटलं, दारूचा पेला ओतला, वाकून नमस्कार केला. गुडघ्यांनी वर यायला नकार दिला, सुनेनं उठवलं.

सगळे खाली उतरायला लागल्यावर मी वळसा घेऊन जुन्या पाइनकडे गेले. तिथे माझी लेक बुन्ये आहे. तीन वर्षांची होती, १९६३ साली भाताची कापणी चालू असताना गोवरानं गेली. सासऱ्यांनी तिला चटईत गुंडाळून नेलं. मुलांना उंचवटा करत नाहीत, खूण ठेवत नाहीत, घरात नाव काढत नाहीत. दुसऱ्या दिवशी मला कापणीला पाठवलं. तो सगळा शरद ऋतू मी म्हाताऱ्याच्या डाव्या कानाशी एकच सांगत होते. रोज. तिच्यावर एक दगडसुद्धा ठेवला नाही रे तुम्ही. कुठे आहे ते मला कसं कळणार? तो विळा चालवत राहिला. त्या वर्षी मी त्याचा इतका द्वेष केला, की त्याचा शर्ट धुताना दगडावर जरा जास्तच आपटायची.

पुढल्या वसंतात मी पाला गोळा करायला गेले तेव्हा पाइनच्या मुळाशी नदीतला एक पांढरा गोटा होता. नदी तिथून दीड कोस. कोणी पोरांनी खेळायला आणला असेल. पण जागा बरोबर तीच असावी असं मला वाटलं आणि मी तिथेच बसत गेले. गंमत अशी, की दर वर्षी एखादा गोटा वाढायचा. गावातल्या पोरांच्या किती पिढ्या झाल्या, पण हा खेळ त्यांनी सोडला नाही.

आता गावात पोरंच उरली नाहीत. गेली तीन वर्षं नवा गोटा नाही. आज सगळ्यांवर शेवाळ होतं, बाहीनं पुसले.

२२ एप्रिल

अधिक महिना लागला. शेवटचे कपडे ह्याच महिन्यात शिवायचे असतात. माझं तागाचं कापड आठ वर्षं पेटीत आहे. म्हाताऱ्याचे कपडे मागल्या अधिक महिन्यांत शिवून झाले होते, माझे राहिले, कारण तो अंथरुणाला खिळला. आज बाही कापली.

ह्या कपड्यांच्या शिवणीत गाठ मारायची नाही. दोरा संपला की टोक नुसतं आत सारायचं. गाठ राहिली तर माणूस मनातलं वैर बांधून घेऊन जातो. त्याच्या कपड्यांत मी एकही गाठ राहू दिली नव्हती, दोनदा तपासलं होतं.

उल्जिनवाली मदतीला आली होती, म्हणजे बोलायला. म्हणाली, तुझं बरं होतं, तुझा म्हातारा कधी उलटून बोलला नाही, माझा तर मेला तेव्हाही माझ्याच आमटीला नावं ठेवत होता. मी म्हटलं, तुझा बोलत तरी होता. ती म्हणाली, "पण परसात हातपंप आधी कोणाच्या आला, सांग. सगळ्या गावाच्या आधी."

ते खरं आहे. १९६८. त्या थंडीत ओढ्यावर बर्फ फोडून पाणी आणताना माझ्या बोटांची सालं निघाली होती. महिन्याभरात हातपंप बसला. सासूबाई म्हणाल्या होत्या, सुनेचे लाड कशाला. म्हातारा म्हणाला, सरपंच स्वस्तात देतोय. मग तो दोन महिने खाणीत दुप्पट पाळी करत होता. का, ते मी कधी विचारलं नाही. दारूचं काही थकलं असेल. तेव्हा पीतही होता. एकदा हातही उगारला होता, तेही लिहून ठेवते. मेलेल्या माणसाला उगाच देव करायचा नाही.

आज मीही एक केलं. कबर उघडायच्या अर्जावर बायकोच्या नावाचा शिक्का सहीसारखा लागतो, असं जोंगहून कचेरीतून विचारून आला. माझा शिक्का मी कमरेच्या पिशवीत बांधून ठेवला आहे. पश्चिम म्हणा, उमटवते. नाहीतर त्याला खचू दे आणि मला जाळून नदीत सोडा.

२९ एप्रिल

भावजी नमले. स्वतः आले नाहीत, जोंगहूनच्या तोंडी निरोप पाठवला. "पश्चिमेला तर पश्चिमेला. वर गेल्यावर वाडवडिलांनी विचारलं तर मी हिचं नाव सांगणार आहे." मी उलट निरोप दिला की जरूर सांगा, पत्ताही द्या.

माती सतरा मेला उघडायची. शिक्का मी चौदाला देईन, अर्जही त्याच दिवशी जायचा आहे. तोवर पिशवीतच. ह्या घराण्याच्या शब्दावर मी एकदा कापणीला गेले होते.

जिंकल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. मिरचीची रोपं लावली. एकटीला किती लागतात, तरी दोन वाफे.

१२ मे

उन्सोल आली. जोंगहूनची मुलगी, आता बावीस वर्षांची. तिचे आईबाप कारखान्यात जायचे तेव्हा ती पाच वर्षांची होईपर्यंत आमच्याजवळच होती. म्हाताऱ्याच्या पाठीवर वाढलेली पोर. येताना केळी घेऊन आली, माझ्या दातांना मऊ म्हणून.

दुपारी ओसरीवर बसून मी बाही शिवत होते, ती लसूण सोलत होती. बापाकडून सगळं ऐकून आली होती. म्हणाली, "आजी, तू भावजी आजोबांना शिक्क्यावरून नाचवलंस म्हणे." मी म्हटलं, म्हातारपणी दुसरं काय नाचवणार. ती खूप हसली. मग म्हणाली, "पण कशाला गं एवढं? पूर्वेला असतीस तरी काय बिघडलं असतं? आजोबांना त्या कानानं ऐकू यायचं."

मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस.

तिनं लसूण खाली ठेवला. म्हणाली, लहानपणी ती त्याच्या डाव्या कानात सांगायची की तिळाचा लाडू हवा, आणि बाजारातून लाडू यायचा. कधी चुकला नाही. तिला वाटायचं ही जादू आहे. एकदा ती त्याच्या मांडीवर होती आणि मी डावीकडे बसून भावजींच्या बायकोबद्दल काही पुटपुटत होते. तर म्हाताऱ्याचं पोट हलायला लागलं. तो हसू दाबत होता. तिला ते पाठीला जाणवलं. नंतर तिनं विचारलं तर त्यानं तिच्याकडून वचन घेतलं, की आजीला सांगायचं नाही.

"का?" मी विचारलं.

"आजोबा म्हणाले, त्या बाजूला तुझी आजी खरं बोलते. ऐकू येतं असं कळलं, तर तीही बंद होईल."

मग तिनं बाकीचंही सांगितलं. सुरुंगानंतर दोन वर्षं तो कान खरंच बंद होता. मग एका कापणीत, विळा चालवताना, आत काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि पहिलं जे ऐकू आलं तो माझा आवाज होता. मी काय बोलत होते ते त्यानं तिला सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, की ते ऐकल्यावर मला ऐकू आलं असं सांगायची हिंमत झाली नाही, आणि एकदा नाही झाली ती नाहीच झाली.

"मला वाटलं तुला बरं वाटेल," ती म्हणाली. माझं तोंड बघून घाबरली होती बिचारी.

मी म्हटलं, बरं वाटलं. लसूण सोल.

पन्नास वर्षं हा माणूस माझ्या दाराला कान लावून बसला होता. मी शिव्या दिल्या त्या ऐकल्या. मी रडले ते ऐकलं. पंप, कागद, गोटे. दीड कोसावरून नदीतला गोटा खिशात घालून आणताना ह्याला लाज वाटली नाही, पण "काय म्हणतेस?" म्हणायला वाटली. एक शब्द. मी कोळणीला आशीर्वाद दिले. मी सरपंचाला दर वर्षी घरची किमची पाठवली. मी त्याचे शर्ट दगडावर आपटले आणि तो ते घालून हिंडला. मला पन्नास वर्षं एकटं ठेवून हा माणूस सोबतीला होता. असा चोर मी पाहिला नाही.

१६ मे

रविवारी उन्सोल परत गेली. गाडी वळेपर्यंत मी हात हलवला.

त्या सकाळी तिला ऊब असावी म्हणून मी लवकर उठून चूल पेटवायला बसले होते. आधी राख काढली. ओंडके सारले, फुंकले, पेज चढवली. आणि मला कळलं, की जानेवारीतली ती सकाळ मला वर्षभर का आठवत होती.

त्यानं मनगट धरलं होतं. भांडं नको होतं.

डॉक्टर म्हणाले होते, शरीर आपणहून बंद होतं. डॉक्टर तिशीतला मुलगा होता, त्याला आमच्या घरातलं काय ठाऊक. मी पंप मागितला, पंप आला. दगड मागितला, दगड आला. जन्मात मी त्या बाजूला जे मागितलं ते ह्या माणसानं न बोलता आणून दिलं. त्या सकाळीही मी मागितलं होतं.

पेज तिथेच करपली. उन्सोल उठून आली आणि म्हणाली, आजी, धूर झालाय. मी म्हटलं, ओंडके ओले आहेत.

ती गेल्यावर पाइनकडे गेले. गोटे मोजायला बसले होते, पण तिसापुढे मोजवेना. त्याच्या कबरीकडे गेले नाही. काय म्हणणार होते? माझी पाठ दुखत होती रे, एवढंच म्हणायचं होतं. बाकीचं पाठ बोलली. हे त्याला उजवीकडून सांगायला हवं होतं. त्याला पन्नास वर्षं खरं-खोटं सगळं ऐकून मी कधी खरं बोलते आणि कधी नुसती थकलेली असते, एवढं कळू नये?

की कळलं होतं, आणि तरीही गेला, मला सुटायला हवं होतं म्हणून? हे मला कोण सांगणार? सांगणारा एकच आहे आणि तो कधी बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी आंघोळ केली, कोंबड्यांना दाणे टाकले आणि भावजींकडे गेले. शिक्का त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, मला पूर्वेलाच ठेवा. त्यांनी बराच वेळ मिशी पुसली. मग म्हणाले, "उशिरा का होईना, अक्कल आली." मी होय म्हटलं. घरी येऊन तागाची बाही पुरी केली, उजवी, त्याच्या बाजूला येईल ती. दोरा संपला तेव्हा टोक आत सारलं नाही. घट्ट गाठ मारली, दातांनी दोरा तोडला आणि कपडे पेटीत ठेवले.